थाप

होटगी रोडला, बंद पडलेल्या लॉनच्या मागे
ताडपत्रीखाली तीन गोल्फ कार्ट.
सोलापुरात गोल्फ कोण खेळतं?
या गाड्या नवरदेव आणायच्या
गेटपासून स्टेजपर्यंत, दीडशे पावलं.

इरय्या हिरेमठ म्हणाला, "ही पांढरी घ्या ताई,
रंग नवा, कुशन नवं, लायटी बघा की कशा लागतात."
नान्नांना ऐकू आलं नाही.
तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून
त्यांचे कान त्यांच्याआधी रिटायर झाले.
विकणाऱ्याच्या थापा त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत,
आमच्या घरात शिल्लक पडली ती एवढ्यानेच.

त्यांनी सीट उचलली.
सहा बॅटऱ्या. चार एका सालच्या, दोन भलत्याच.
टोकांवर पांढरी बुरशी.
एक बूच फिरवून आत पाहिलं. कोरडं.
बूच परत लावलं, हात पायजम्याला पुसला,
रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दुसरीचं पुढचं चाक एकाच अंगाने झिजलेलं.
"ताणा तिरका हाय," म्हणाले, आणि पुढे गेले.

तिसरी हिरवी, छत उसवलेलं,
सीटच्या पाठीवर हळदीचा एक पंजा,
कितीही धुतला तरी न गेलेला.
पण सहाही बॅटऱ्या एका तारखेच्या,
पाणी काठोकाठ,
आणि टोकांना व्हॅसलीन,
थंडीत पोरांच्या ओठांना लावतात तसं.
"हिला कोण बघायचं?"
"सायबण्णा म्हणून वॉचमन होता बे एक.
लॉन बंद झालं, पगार बंद झाला,
तरी महिनाभर येऊन चार्जिंगला लावून जायचा. येडा."
मी हे नान्नांच्या कानात ओरडून सांगितलं.
त्यांनी सीटवर हात फिरवला. गाडीच्या नव्हे,
त्या माणसाच्या पाठीवर फिरवावा तसा.

मग गोडाऊनचा चढ.
मी, भाऊ, इरय्या, आणि पेंडीचं एक पोतं.
अर्ध्यात ब्रेक दाबून त्यांनी गाडी टांगती ठेवली.
घसरली नाही.
वर चढताना मीटर एक्कावन्नवरून अठ्ठेचाळीसवर आला,
तिथंच राहिला.
खाली उतरून त्यांनी मोटारीवर तळहात टेकला.
मागाचा बिघाड ते असाच ओळखायचे,
कान गेले तेव्हा हात शिकला.

"चार्जरचे वेगळे," इरय्या म्हणाला.
हे मात्र त्यांनी ओठांवरून वाचलं.
"चार्जरबिगर गाडी म्हणजे कांडीबिगर धोटा.
काय विणू मी?"
इरय्या हसला. चार्जर आत आला.

मेन रोडला न्यायची नाही, हे आधीच ठरलेलं.
विडी घरकुलातल्या गल्ल्या, तेवढ्याच.
दवाखाना, गिरणी,
आणि चार गल्ल्या पलीकडचं राजम्मा मावशीचं घर,
जिथं अम्मा मागच्या गड्ड्यापासून गेली नव्हती.
चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या,
पाय दुमडले ते दुमडलेच.

"नवरदेवाची गाडी," अम्मा म्हणाली, "मला कशाला?"
आणि मागच्या सीटवर जाऊन बसली,
जिचं तोंड मागे असतं.
नान्ना पुढे, ती मागे, पाठीला पाठ,
मध्ये हळदीचा पंजा.

गाडी निघाली. आवाजच नाही.
दारातल्या बायांनी माना वर केल्या तेव्हा
अम्मा त्यांच्यापुढून जाऊन
त्यांच्याकडेच बघत होती.

"हळू," ती म्हणाली. कुणाला?
मग हात मागे नेऊन तिने त्यांच्या खांद्यावर
एक थाप दिली. गाडी थांबली.
दोन दिल्या. निघाली.
कुणी काही ठरवलं नव्हतं,
कंडक्टरची घंटी दोघांनाही पाठ होती.

मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी
तिने तीन थापा दिल्या.

तीनचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता.
नान्नांनी ब्रेक लावला,
आणि वळून बघितलं.